आठवा नट

"बोल्ट आठ अन् नट सात," विमलाबाई म्हणाल्या, आणि हातातलं ओलं फडकं तसंच धरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

एकोडीच्या बोडीकाठ महिला बचत गटाच्या शेडमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. गटाची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर, म्हणजे चिन्नोर तांदळाची एक-एक किलोची सहाशे पाकिटं, अर्ध्या तासापूर्वी ताराचंदच्या टेम्पोतून जवाहरनगरला रवाना झाली होती. तिथल्या कॉलनीतल्या एका ग्राहक भांडारात चार वाजता त्यांची विक्री सुरू होणार होती. रत्नाबाई तांदळाच्या पोत्यावर पाय पसरून चहा पीत होत्या. मशीन चालवणारी खुशबू, म्हणजे विमलाबाईंची सून, उरलेल्या छापील पिशव्या गठ्ठ्यात बांधत होती. आणि गटाच्या अध्यक्ष विमलाबाई रोजच्यासारखं मशीन पुसत होत्या.

मशीनवर त्यांचा जीव होता. नागपूरच्या एका बंद पडलेल्या शेवचिवड्याच्या कारखान्यातून ते जुनं आणलेलं. वर तांदूळ ओतायची कोठी. तिच्यातून मशीन बरोबर किलोभर तांदूळ खाली सोडी, पिशवीत भरी, गरम पट्टीनं पिशवीचं तोंड दाबी आणि पाकीट पुढं ढकलून देई. त्याआधी दोन वर्षं या बायांनी मेणबत्तीच्या ज्योतीवर एकेक पिशवी चिकटवली होती. त्या दिवसांची खूण रत्नाबाईंच्या अंगठ्यावर अजून होती. त्यामुळे मशीन आल्या दिवसापासून विमलाबाई त्याला लेकरासारखं न्हाऊमाखू घालत. मात्र मशीन भिंतीला लागून होतं. आज सहाशे पाकिटांचा तूस-कोंडा झाडायचा म्हणून तिघींनी मिळून ते वीतभर पुढं ओढलं आणि विमलाबाईंचं फडकं पहिल्यांदाच मागच्या बाजूला पोचलं. कोठीच्या गळ्याला एक गोल लोखंडी पट्टी होती. तिच्यावर आठ बोल्ट होते. सातांवर नट होते. आठवा बोल्ट उघडाबोडका होता.

"असंल कोठं पडला," रत्नाबाई म्हणाल्या. "झाडून पाहा."

झाडून पाहिलं. पोती हलवली. पिशव्यांचे गठ्ठे सोडले. रत्नाबाईंना पोत्यावरून उठवून ते पोतंही उलटं केलं. नट काही सापडला नाही.

तेव्हा खुशबू जरा दबकत म्हणाली, "आई, एक सांगू? मघाशी मशीन चालू असताना टिंग झालं होतं."

"टिंग?"

"टिंग. जसं काही लोखंडावर लोखंड पडलं. मले वाटलं, रत्नामामींच्या हातचा गिलास पडला."

"माह्या हातात गिलास कोठं होता?" रत्नाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, तुह्या बांगड्या वाजल्या."

"अन् मी समजली, तुम्ही दोघी काही करून राहिल्या," विमलाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. पट्टी कोठीच्या बरोबर गळ्याशी. तिथून निसटलेली वस्तू जाणार कुठं? सरळ तांदळात. तांदूळ पिशवीत. पिशवी टेम्पोत. आणि टेम्पो जवाहरनगरच्या रस्त्यावर. तिथल्या एखाद्या घरी संध्याकाळी कुकरची शिट्टी होईल, कोणी म्हातारा माणूस वरणभाताचा घास तोंडात घेईल, आणि कट्! त्या माणसाचा दात विमलाबाईंना स्वतःच्या डोळ्यांनी पडताना दिसला. मागोमाग गटाचं नावही पडताना दिसलं.

त्यांनी ताराचंदला फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा ताराचंदचा नियम होता, आणि तो विमलाबाईंनीच त्याला घालून दिलेला होता. पाच वेळा फोन लावून झाल्यावर त्यांना त्या नियमाचा पहिल्यांदा राग आला.

"आता गाडीच्या मागं जा लागते," त्या उठल्या. "पण सहाशे पाकिटं फोडून पाहायची काय? फोडली का माल गेला, नाही फोडली का नाव गेलं."

तोडगा रत्नाबाईंनी काढला. त्यांचे यजमान केशवराव मंडप-डेकोरेशनचं काम करत. लग्नात वाजून वाजून फाटलेले स्पीकर त्यांच्या घरामागे पडून होते. "स्पीकरच्या मागं चुंबक राहते ना व! पाकिटावरून फिरवला का नट सोताच हालंल."

केशवराव घरी नव्हते हे बरंच झालं. रत्नाबाईंनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, एक स्पीकर फोडला आणि पोळीएवढा गोल, काळाकुट्ट, चांगला वजनदार चुंबक काढून आणला. विमलाबाईंचा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. त्यांनी अंबाड्यातला लोखंडी आकडा काढून एका रिकाम्या पिशवीत टाकला, वरून किलोभर तांदूळ भरला आणि चुंबक फिरवला. तांदळात खसखस झाली आणि आकडा टपकन पिशवीच्या कडेला येऊन चिकटला.

"जमलं!" विमलाबाई म्हणाल्या. "खुशबू, तू अंकुशले बोलाव. मशीन खोलून आतमधी पाहायले सांग. आम्ही जातो."

अंकुश हा साकोलीचा मेकॅनिक. पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं दुरुस्त करी, फक्त वेळेवर येत नसे.

दोघी ऑटोनं साकोलीला आल्या आणि भंडाऱ्याच्या एसटीत चढल्या. चुंबक टॉवेलात गुंडाळून रत्नाबाईंनी सीटच्या बाजूला ठेवला. लाखनी मागं पडल्यावर ताराचंदचा फोन आला. रस्त्याला रेंज येत होती, जात होती. बसच्या खिडक्या खडखड वाजत होत्या. विमलाबाई एक कान बोटानं बंद करून ओरडल्या, "ताराचंद! कोठं हायेस?"

"पोचलो जी मावशी. भांडाराच्या दारात उभा हावो. माल उतरवू काय?"

"हात नोको लावू! मालात नट गेला हाये, नट! आम्ही त्याच्यासाठीच येऊन राहिलो. तोवर एकही खोका उघडू नोको. अन् कोणाले सांगू नोको, समजलं?"

"नट?" पलीकडून आवाज आला. "खरंच नट येऊन—"

पण विमलाबाईंनी फोन ठेवला होता. आपलं सांगून झालं की फोन ठेवायचा, ही त्यांची पद्धत. पलीकडच्या माणसालाही काही सांगायचं असू शकतं, हे त्यांना कोणी कधी पटवून देऊ शकलं नव्हतं.

आता त्यांना जरा हायसं वाटलं. माल गाडीत होता, गाडी बंद होती. कारधाचा पूल ओलांडून बस भंडाऱ्याच्या स्टँडवर लागली. लोक उतरले. रत्नाबाईंनी टॉवेल उचलला. टॉवेल हातात आला, चुंबक आला नाही. तो सीटच्या लोखंडी दांड्याला असा चिकटला होता, जसा माहेरून निघायच्या वेळी लेक आईला चिकटते.

रत्नाबाईंनी ओढलं. विमलाबाईंनी ओढलं. मग दोघींनी मिळून ओढलं. कंडक्टर दारातून पाहत होता. तो जवळ आला.

"काय करून राहिल्या बाई? एसटीची सीट घरी नेता काय?"

"सीट तुमचीच हाये जी," रत्नाबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमचा चुंबक तेवढा सोडवून द्या."

कंडक्टर वाकला. वाकताना त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल चुंबकाला जाऊन टेकलं आणि तोही तिथंच राहिला. आता सोडवायच्या वस्तू दोन झाल्या. शेवटी ड्रायव्हर आपलं जेवण अर्धवट टाकून आला. त्यानं आधी कंडक्टरला सोडवलं, मग चुंबक ओढायच्या ऐवजी बाजूला सरकवत सरकवत दांड्याच्या टोकापर्यंत नेला आणि खटकन काढून दिला. या भानगडीत अर्धा तास गेला. त्यानंतर रत्नाबाईंनी चुंबक लेकरासारखा कडेवर घेतला आणि ऑटोतही मांडीवरून खाली ठेवला नाही.

जवाहरनगरच्या कॉलनीत त्या पोचल्या तेव्हा अडीच वाजून गेले होते. ऑटो भांडाराच्या वळणावर आला. भांडारापुढं गर्दी होती. चाळीसेक बाया, त्यांची पोरंसोरं, खुर्च्या टाकून बसलेले दोन-तीन पेन्शनर. मध्ये ताराचंदचा टेम्पो ताडपत्री बांधून उभा. 

"बोंब झाली व रत्नाबाई," विमलाबाई पुटपुटल्या. "यायले समजलं. आता आपली काही खैर नाही."

ऑटोतून उतरल्याबरोबर सगळी गर्दी त्यांच्याकडे वळली. भांडारात कामाला असलेली राखी नावाची मुलगी लगबगीनं पुढं आली. तिच्या हातात फुलांचा गुच्छ होता. मागोमाग कॉलनीतल्या उषाबाई आल्या. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. त्यांनी ऑटोच्या आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कुठे आहे नट?"

विमलाबाईंनी हात जोडले. "तुम्हाले समजलं जी?"

"सगळ्या कॉलनीला समजलंय! दोन तास झाले, उन्हात उभे आहोत."

"तुमचा राग मले समजते—"

"राग कशाचा? उलट आनंद झाला. नटाबिटाला इकडं कोण आणतं हो? किती आहेत?"

विमलाबाईंना काही उमजेना. पण विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची त्यांना सवय होती. "एकच हाये जी."

"एक पुरे! मोठा आहे का?"

"नाही जी, लहानसाच. हा, एवढा," विमलाबाईंनी करंगळीचं पेर दाखवलं.

उषाबाईंनी त्या पेराकडे पाहिलं. "म्हणजे अजून नाव झालेलं नाही, असं?"

"नाव होऊ नाही म्हणूनच तं आम्ही धावत आलो!"

"आणि आहे कुठे तो?"

"या गाडीतच हाये जी. कोणत्या तरी पाकिटात."

सगळ्यांच्या माना टेम्पोकडे वळल्या. दूर टेम्पोच्या चाकाशी ताराचंद उभा होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. फोनवरची निम्मी वाक्यं वाऱ्यानं नेली होती आणि उरलेल्यांतून त्याला एवढंच समजलं होतं, की विमलामावशी एका नटाला घेऊन येऊन राहिल्या, तो येईपर्यंत माल उघडायचा नाही आणि कोणाला सांगायचं नाही. भंडाऱ्याकडच्या या झाडीपट्टीत नट म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यापुढं लोखंडाचा तुकडा कशाला येईल? दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, तिथं नट म्हणजे नट. ताराचंदनं खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त गाडी का उघडत नाही असं राखीनं विचारलं तेव्हा कारण तेवढं सांगितलं होतं.

"म्हणजे," राखी गुच्छ खाली करत म्हणाली, "तो नट नाही? बोल्टचा नट?"

"बोल्टचा," विमलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात भांडाराचे व्यवस्थापक मधुकरराव बाहेर आले. किडकिडीत, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि तक्रारपेटीला कुलूप लावून किल्ली घरी ठेवणारे. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "बाई, माफ करा, पण हा माल मी घेऊ शकत नाही. तांदळात लोखंड! उद्या कोणाचा दात पडला तर लोक मला धरतील. गाडी परत घेऊन जा."

रत्नाबाईंनी विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाईंच्या डोळ्यांपुढं गटाच्या अकरा बाया आल्या. चार दिवस रात्रंदिवस तांदूळ निवडणाऱ्या, एक खडा दिसला तर सुपडंभर पुन्हा पाखडणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मी लपवलं असतं तं तुम्हाले कोण सांगणार होतं? मी सोता सांगायले आली. एक घंटा द्या. पाकीट न फोडता एकेक तपासून देतो. नट सापडला तं तेवढं पाकीट बाजूले. नाही सापडला तं सगळा माल साफ."

आणि रत्नाबाईंनी कडेवरचा चुंबक टेबलावर आदळला. टेबल लोखंडी होतं, त्यामुळे तो तिथंच पक्का बसला आणि हलायची सोय उरली नाही. मग ठरलं, की चुंबक जागेवर राहू द्यायचा आणि पाकिटंच त्याच्यावरून न्यायची.

"असं नाही, असं," उषाबाईंनी साडीचा पदर खोचला. नट पाहायला मिळाला नाही तर निदान नट शोधायला तरी मिळावं, असं त्यांना वाटलं असावं. "आमच्या ह्यांची अख्खी नोकरी तपासणी खात्यात गेली. मला शिकवू नका. रांग करा! गाडीतून काढणारी एक, फिरवणाऱ्या दोन, रचणाऱ्या चार. पोरांनो, मोजा!"

रांग झाली. ताराचंद गाडीवर चढला आणि पाकिटं खाली येऊ लागली. एका हातातून दुसऱ्या हातात, चुंबकावरून एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, मग टेबलापलीकडं. पोरं मोठमोठ्यानं आकडे ओरडत होती. शंभर झाली. दोनशे झाली. दोनशे सदतीसाव्या पाकिटाला "हललं, हललं!" असा गलका झाला. पण हलला होता तो उषाबाईंचा हात. चारशेला मधुकररावांनी स्वतः बाही सरसावली. पाचशेला पेन्शनर मंडळी खुर्च्यांवरून उठून रांगेत उभी राहिली. चार वाजून दहा मिनिटांनी सहाशेवं पाकीट चुंबकावरून गेलं.

काही चिकटलं नाही. सहाशे पाकिटं स्वच्छ, निखळ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधुकररावांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "बाई, वीस वर्षं झाली मला या कामात. माल आणणाऱ्यानं स्वतः येऊन असा तपासून दिलेला मी पाहिला नाही. राखी, विक्री सुरू कर!" पाकिटं हातोहात जाऊ लागली. ज्यांनी स्वतःच्या हातानं तपासलं, त्यांना स्वतःच तपासलेलं पाकीट हवं होतं. विमलाबाई पायरीवर टेकल्या. नट शेडमध्येच कुठं तरी उंदराच्या बिळात गेला असणार. छातीवरचं मोठं ओझं उतरलं होतं.

आणि फोन वाजला. अंकुश होता.

"का जी काकू, तुम्ही चुंबक घेऊन गेल्या म्हणते खुशबू?"

"हो. तपासलं सगळं. काहीच नाही निघालं."

"निघंल कसं? ते नट स्टेनलेसचे हायेत. स्टेनलेसच्या नटाले चुंबक लागतच नाही. पण आयका ना काकू, तो—"

विमलाबाईंनी फोन ठेवला. म्हणजे ठेवला असं नाही, तो आपोआपच बोटानं बंद झाला. कानात एकच शब्द घुमत होता. स्टेनलेस. अंबाड्यातला आकडा लोखंडी होता, म्हणून चिकटला. नट चिकटणारच नव्हता. सहाशे पाकिटं चुंबकावरून फिरवली काय आणि आरतीसारखी ओवाळली काय, सारखंच. नट अजून तिथंच होता. आणि आता तर पाकिटं लोकांच्या पिशव्यांतून घरी निघाली होती.

समोर लोक हसत होते. पोरं खेळत होती. फोनवरचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. रत्नाबाईसुद्धा पलीकडं कोणाला तरी चिन्नोरचा भात कसा मोकळा करायचा ते सांगत होत्या. विमलाबाई चुपचाप बसून राहिल्या असत्या तर जगात कोणाला काही कळलं नसतं. त्या तशा बसून राहिल्याही, पाच-सहा श्वास. मग पुन्हा तो म्हातारा, तो वरणभाताचा घास, तो दात.

त्या उठल्या आणि पायरीवरूनच ओरडल्या, "थांबा जी! कोणी घरी जाऊ नोका! पाकिटं वापस करा!"

सगळे थबकले. विमलाबाईंनी एका दमात सांगून टाकलं. स्टेनलेस. चुंबक. काही उपयोग नाही. नट अजून मालातच असंल.

मधुकरराव होते तिथंच तांदळाच्या खोक्यावर बसले. उषाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आल्या. "म्हणजे दीड तास आम्ही काय केलं?"

"व्यायाम," रत्नाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

फोन पुन्हा वाजत होता. विमलाबाईंनी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. आता आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? बाया मुकाट्यानं पाकिटं टेबलावर आणून ठेवू लागल्या. एकही रागावली नाही, आणि तेच विमलाबाईंना जास्त लागत होतं. तेवढ्यात रत्नाबाईंचा फोन वाजला. त्यांना मोठ्या आवाजाशिवाय ऐकू येत नसे, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे. सगळ्या भांडाराला खुशबूचा आवाज ऐकू आला.

"रत्नामामी, आईले सांगा, फोन कापू नोका! अंकुशदादाचं बोलणं तं पुरं होऊ द्या!"

"बोल बाई," रत्नाबाई म्हणाल्या. "सगळे आयकून राहिले."

मग अंकुशचा आवाज आला. "काकू, मी तोच सांगून राहिलो होतो. आठव्या बोल्टाचा नट आज पडलाच नाही. त्या बोल्टाच्या आट्यायमधी बेसन बसून हाये. वाळून गोटा झालं, पिवळं जर्द. छन्नीनं निघंना. तुम्ही तं एकही दिवस या मशीनमधी बेसन भरलं नाही. हे त्या शेवचिवडावाल्याचं बेसन हाये. मशीन तुमच्याकडं आलं तेव्हाच सात नटाचं होतं. मागची बाजू भिंतीकडं, कोणाले दिसली नाही."

विमलाबाईंनी फोनवर झडप घातली. "मंग टिंग? टिंग कायचं झालं?"

"ते आणखी मजेचं हाये. खुशबू, दाखव काकूले."

फोनमधून कररर कररर असा आवाज आला. खुशबू म्हणाली, "आई, पाकिटं मोजायचे आकडे हायेत ना मशीनले, ते मी हातानं फिरवून राहिली. चारशे सत्त्याण्णव. चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे नव्याण्णव. आता आयका."

टिंग!

भांडारापुढं इतकी शांतता होती, की तो आवाज मागच्या खुर्चीवरच्या पेन्शनरालाही ऐकू गेला.

"पाचशे झाले का घंटी वाजते," अंकुश सांगत होता. "कारखान्यात एक गठ्ठा भरला हे समजावं म्हणून. तुम्ही दर ऑर्डरीले आकडे शून्यावर आणता, अन् आजपर्यंत दीडशे-दोनशेच्या वर गेल्याच नाही, तं वाजणार कशी? आज पहिल्यांदा पाचशे पार केले काकू. मशीन तुमचं अभिनंदन करून राहिलं होतं अन् तुम्ही पळत सुटल्या!"

पहिलं कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण उषाबाई हसल्या तेव्हा खोकीसुद्धा हलली. मधुकरराव चष्मा काढून डोळे पुसत होते. खुशबूनं बेसनाचा फोटो पाठवला. तो हातोहात फिरला. एका बाईनं तर तिखटाचा दाणासुद्धा ओळखून दाखवला. विमलाबाई रत्नाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या की रडत होत्या, हे रत्नाबाईंनाही नीट कळलं नाही. त्यांनी आपलं पाठीवर थाप मारत राहायचं काम केलं.

"काही का असेना," उषाबाई म्हणाल्या, "नट मात्र बघायला मिळाला नाही."

ताराचंद गाडीवरून खाली उतरला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "तसं म्हटलं तं बाई, मी पण हावो नट. अकरा वर्षं झाली, मंडईच्या नाटकात हवालदार करतो."

"अरे, मग सांगायचं नाही? बोल, बोल काही तरी!"

ताराचंद ताठ उभा राहिला. छाती पुढं काढली, खणखणीत सलाम ठोकला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला, "साहेब! आरोपी पळाला!"

"पुढे?"

"पुढं पडदा पडते जी. तेवढंच हाये माहं."

राखीनं गुच्छ त्याला दिला.

पाच वाजेपर्यंत सहाशेच्या सहाशे पाकिटं संपली. मधुकररावांनी पुढच्या महिन्याला आठशे पाठवा म्हणून सांगितलं, तेही टेबलावरचा चुंबक उपटायचा प्रयत्न करता करता. तो काही निघाला नाही. आता तो भांडाराचाच झाला.

निघताना विमलाबाईंना एकाएकी गरगरलं. त्या टेम्पोला धरून उभ्या राहिल्या. उषाबाईंनी ते पाहिलं. "सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही दोघींनी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सहा क्विंटल तांदूळ दिवसभर हाताखालून गेला होता, आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

उषाबाईंनी पुढं काही ऐकून घेतलं नाही. दोघींना आणि ताराचंदला त्यांनी आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. पाट मांडले. अर्ध्या तासानं ताटं आली. वाफाळता भात, वरण, तूप, लिंबाची फोड. भाताचा दरवळ घरभर पसरला होता. विमलाबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मग मान वर न करता जेवत राहिल्या. दिवसभराची सगळी भीती घासागणिक खाली जात होती. ताट रिकामं झालं, त्यांनी पुन्हा पुढं केलं. अंगातला ताण असा ओसरला होता, की आपण कुठं आहोत, कोणाकडं आहोत, याचंही त्यांना पुरतं भान उरलं नव्हतं.

"कसा झालाय भात?" उषाबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"लय सुंदर हाये जी," विमलाबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "तांदूळ कोठून आणला?"